मामांच्या खांद्यावरची साडी

परतूरच्या चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लागला होता. मी त्याच्याखाली उभा राहून रसवंतीवाल्याला विचारलं, "हा कोण गेला?"

तो माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. म्हणाला, "आबा, परवा तुम्हीच खांदा दिला की यांना."

मी परत वर पाहिलं. बोर्डावर एक गोरापान माणूस होता. गाल गुळगुळीत, ओठ विडा खाल्ल्यासारखे लाल, मागं ढग आणि दोन कबुतरं. मिशी तेवढी ओळखीची वाटली, पण मिशा पुष्कळ जणांना असतात. चष्मा पुसून पाहिलं, तरी न्हाई. ज्या माणसाशेजारी मी अठ्ठावीस वर्षं बसलो, तो माणूस त्या बोर्डावर कुठंच नव्हता. खाली नाव छापलेलं होतं म्हणून मानायचं.

ते नाव मी इथं लिहीत न्हाई. दुकानात ते कुणी घेतच नव्हतं. बाया म्हणायच्या मिशीवाले मामा, शेठ म्हणायचे मामा, मीबी मामाच म्हणायचो, आणि मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर कापडाचं मोठं दुकान आहे. तिथं मी धोतर, टोपी, उपरणं या खणात होतो. मामा शेजारच्या साडीच्या गादीवर. मी चौथीपर्यंत शिकलो, पण टोपीचं माप मी डोकं बघून सांगत होतो आणि ते कधी चुकलं न्हाई. मामा माझ्याएवढेबी शिकले नव्हते. ते मला "टोपीवाले" म्हणायचे.

रंगानं मामा तव्याच्या मागच्या बाजूसारखे. हे मी म्हणत न्हाई, ते स्वतःच सांगायचे. तोंडभर देवीचे वण, त्यावर ती मिशी. अंगात कायम पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा. का, तर साडी अंगावर टाकली की खालच्या कपड्याचा रंग मधी यायला नको.

साडीच्या दुकानात गडीमाणसानं साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची, ही रीत सगळीकडंच आहे. पण बाकीचे नुसता पदर टाकतात, हात लांबवतात आणि झालं. मामा पूर्ण नेसायचे. पायजम्यावरून निऱ्या घालायचे, खोचायचे, आणि गिऱ्हाईक ज्या घरचं असंल तसा पदर घ्यायचे. डोक्यावरून घेणारी बाई असली तर डोक्यावरून. मिशीवर पदर आला की बाहेरगावचं गिऱ्हाईक आधी हसायचं. मामा हसू संपेपर्यंत थांबायचे. मंग म्हणायचे, "माय, या तोंडावर साडी बरी दिसून राह्यली ना? मंग तुला कशाचं भ्या?"

पुढं ते दाराकडं चालू लागायचे. नेसलेल्या साडीसकट. दुकानात ट्यूबा होत्या, मोठा आरसा होता, त्या आरशाच्या चारी बाजूंनी शेठनं दिवे लावले होते. मामांनी त्या आरशावर आपला टॉवेल वाळत घातला होता. रंग पाहायचा तर पायरीवर, उन्हात. कितीबी मोठ्या घरची बाई असो, तिला पायरीवर यावंच लागायचं. रस्त्यानं जाणारे लोक नव्यानं परतूरला आलेले असले तर थांबायचे. आमच्या गावातलं कुणी थांबायचं न्हाई. मिशीवाला माणूस साडी नेसून भर रस्त्यात उभा आहे, याचं आम्हाला काही वाटंनासं झालं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना खपायची न्हाई. एखादी बाई म्हणाली, "मामा, मी काळी, मला हा रंग नको," की ते हातातल्या साडीची घडी घालायला लागायचे. बाई म्हणायची, "अहो, दाखवा की." मामा म्हणायचे, "आधी बोललीस ते परत घे." बाई इकडं तिकडं बघायची. सोबतच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. शेवटी ती म्हणायची, "घेतलं बाई परत." मंग साडी उघडायची.

एकदा एक बाई लग्नाचा बस्ता बांधायला आली. सोबत नवरी. बाई हळूच म्हणाली, "पोरगी सावळी आहे, काही तरी फिकट दाखवा. पाहुण्यांच्या डोळ्यावर नको यायला."

मामांनी विचारलं, "पाहुण्यांनी पोरगी पाहिली का?"

"पाहिली की. पसंत केली."

"मंग आता लपवून काय करता? त्यांनी पाहिली म्हणूनच तर लग्न आहे." आणि त्यांनी वरच्या फळीवरची गडद हिरवी काढली. नवरी तोपर्यंत खाली बघून बसली होती. पायरीवर गेल्यावर तिनं मान वर केली. बस्ता हिरव्यापासून सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत चालला.

न शोभणारी साडी ते विकायचेच न्हाईत. यावरून शेठ चिडायचे. "मामा, गिऱ्हाईक मागून राह्यलं आणि तुम्ही न्हाई म्हणून राह्यले!" मामा म्हणायचे, "शेठ, ती साडी घरी जाऊन पेटीत पडणार. पेटीला नेसवायला मी इथं बसलो का?" मामांना काढून टाकावं तर गावोगावच्या बाया आल्या आल्या "मामा कुठंय" विचारायच्या.

दुपारी आम्ही समोरच्या हॉटेलात चहा प्यायला जायचो. तिथं टीव्ही होता. गोरं व्हायच्या क्रीमची जाहिरात लागायची. आधी एक सावळी पोरगी, तोंड पाडून बसलेली. मंग ती डबी उघडते. मंग एक गोरी पोरगी हसत येते, तिला नोकरी लागते, सगळे टाळ्या वाजवतात. सगळ्या जगानं ती पाहिली असंल. मामांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कप बशीत ठेवला आणि मला विचारलं, "टोपीवाले, पहिलीचं काय केलं?"

मी म्हणालो, "तीच ती. गोरी झाली."

"बिलकुल न्हाई. मी माणसांचे रंग बघायचं काम करतो. या दोन वेगळ्या आहेत. नोकरी दुसरीला लागली. पहिली कुठं गेली?"

मी समजावलं, हॉटेलवाल्यानं समजावलं. मामा ऐकंनात. त्या पोरीची त्यांना खरोखर काळजी लागली होती. जाहिरात लागली की ते शेवटपर्यंत बघायचे, की पहिली कुठं मागंपुढं दिसते का. न्हाई दिसली की म्हणायचे, "आजबी न्हाई आली." हॉटेलात हसायचे लोक. मीबी हसलेलो आहे.

मंग छोटे शेठ गादीवर आले. मोठ्या शेठचे चिरंजीव, पुण्याला शिकून आल्ते. त्यांनी पहिल्यांदा पाच पुतळ्या आणल्या. दुधासारख्या गोऱ्या, उंच, आणि पाचींचं तोंड एकच. मामांना सांगितलं, इथून पुढं साडी यांना नेसवायची, स्वतःला न्हाई.

मामांनी पाची पुतळ्यांकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "यांना उजेडात न्यायचं कसं?"

"न्यायचं न्हाई, मामा. त्या इथंच उभ्या राहतील."

"मंग रंग कळणार कसा?" असं म्हणून मामा आपल्या जागी जाऊन बसले. पुतळ्यांना साड्या दुसऱ्या गड्यानं नेसवल्या. मामा त्यांना पाहुण्या म्हणायचे. त्यातल्या एकीचा हात पुढं केलेला होता. मामा त्या हाताला आपली भाकरीची पिशवी अडकवायचे. छोटे शेठनं दोनदा पिशवी काढली. तिसऱ्यांदा त्यांनीच नाद सोडला.

पुतळ्यांनंतर बोर्डाचं निघालं. लग्नसराई तोंडावर आली होती आणि छोटे शेठना चौकात मोठा फ्लेक्स लावायचा होता. बोर्डावर आपल्याच भागातली पोरगी पाहिजे, म्हणजे लोकांना आपलेपणा वाटंल, असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी माझी नात माझा डबा घेऊन दुकानात आली. ती तेव्हा कॉलेजात होती. मामा वांग्याच्या रंगाची एक साडी उघडून बसले होते. त्यांनी नातीकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "या साडीला हीच पोरगी."

माझी नात माझ्या आईवर गेलेली आहे. रंग काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर असतो तसा. डोळे मोठे. मामांनी तिला पायरीवर नेलं, साडी तिच्या खांद्यावर टाकली आणि स्वतः बाजूला झाले. मी टोप्या लावून राह्यलो होतो, ते सोडून बघत बसलो. छोटे शेठनं तिथंच फोटो काढला. घरी नातीनं तो फोटो मोबाईलवर इतक्यांदा पाहिला की मोबाईल चार्जिंगला लावावा लागला. मी सगळ्या सोयऱ्यांना निरोप पाठवला. कुंभार पिंपळगावच्या व्याह्यांनासुद्धा.

बोर्ड लागायच्या दिवशी मी सकाळीच चौकात गेलो. एक नवा बोर्ड होता, पण त्यावर कुठली तरी शहरातली बाई होती. मी दुकानात येऊन मामांना म्हणालो, "अजून लागला न्हाई."

मामा म्हणाले, "लागला. परत जाऊन बघा."

परत गेलो. तीच बाई. मंग खाली दुकानाचं नाव वाचलं. मंग कानातले डूल पाहिले. ते डूल मी घेतलेले होते.

पोरीला पांढरी करून टाकली होती. नाक बारीक केलं होतं. गालावर तिला एक तीळ आहे, तोबी काढला होता. मी तिथं किती वेळ उभा होतो ते माहीत न्हाई. दुकानात आलो तेव्हा मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मला सुपारी दिली.

संध्याकाळी नातीनं विचारलं, "आबा, पाहिला का बोर्ड? ओळखू आले का मी?"

आता माणसानं काय सांगावं? मी म्हणालो, "वा! स्वतःच्या नातीला ओळखणार न्हाई का? लांबूनच ओळखलं."

ती उठली. आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधून कॉलेजला जायला लागली. उन्हासाठी, म्हणाली. खिडकीत एक डबी आली, टीव्हीवरचीच. मला वाटलं, वय आहे.

तिकडं दुकानात वेगळाच गोंधळ सुरू झाला. बाया यायच्या आणि म्हणायच्या, "बोर्डावरची साडी दाखवा." मामा वांगी रंगाची काढायचे. बाया म्हणायच्या, "ही न्हाई. बोर्डावरची." झालं असं होतं, की फ्लेक्सवाल्यानं पोरगी उजळ करताना सगळा फोटोच उजळ केला होता. वांगी रंग जाऊन साडी लसणाच्या सालीसारखी झाली होती. तशी साडी दुकानात नव्हती. कुठंच नव्हती. आठ दिवस आम्ही लसणाच्या सालीच्या रंगाची साडी नसल्याबद्दल शिव्या खाल्ल्या. एक मावशी तर म्हणाली, "बोर्डावर एक, गादीवर एक. तुमचा धंदाच खोटा." हे मोठ्या शेठनं ऐकलं. ते चाळीस वर्षं त्या गादीवर बसलेले. त्यांचं तोंड उतरलं.

"आपल्या साडीचा रंग बदलला!" ते छोटे शेठवर ओरडले.

मामा म्हणाले, "शेठ, साडीचं दिसलं तुम्हाला. पोरीचं?"

"पोरीचं काय? पोरगी तर चांगली दिसून राह्यली."

मामा उठले. त्यांनी ती वांगी साडी घेतली, पायजम्यावरून नेसली, पदर खांद्यावर घेतला आणि चप्पल घालून दुकानाबाहेर पडले. बाजाराचा दिवस होता. चौकात बोर्डाच्या बराबर खाली जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगू लागले, "माय, साडी ही आहे. वर बघू नको, इकडं बघ." उन्हं डोक्यावर. गर्दी जमली. खेड्यातून आलेल्या बाया हसत होत्या, मंग जवळ जाऊन पदर चिमटीत धरून बघत होत्या.

मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गेलो न्हाई. मला लाज वाटली. कशाची ते तेव्हा कळलं न्हाई.

कॉलेज सुटलं होतं. माझी नात स्कार्फ बांधून तिकडून आली. मामांना पाहून थांबली. मोबाईल काढून तिनं त्यांचा फोटो घेतला. मामांनी तिला पाहिलं. डोळ्यांवरून ओळखलं. माणसांचे रंग बघायचं काम होतं त्यांचं. ते म्हणाले, "ये माय. पदराचं टोक धर. माझा हात दुखून राह्यला."

ती जागची हालंना. मामा नुसता हात लांब करून उभे राहिले. मंग तिनं स्कार्फ सोडला, पिशवीत घातला आणि जाऊन पदर धरला. इतकंच. वर बोर्डावर ती पांढरी बाई, खाली साडी नेसलेले मामा आणि पदर धरलेली माझी नात. एका म्हातारीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि नातीला विचारलं, "ती तुझी कोण?"

नात म्हणाली, "कुणीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरला. पोरीसाठी न्हाई, साडीसाठी. मामा आणि छोटे शेठ फ्लेक्सवाल्याकडं गेले. मामांनी त्याला विचारलं, "पहिलीचं काय केलं?" त्याला समजलं न्हाई. छोटे शेठनं समजावलं. तो म्हणाला, मूळ फोटो कंप्युटरवर आहे, पण साडी जशीच्या तशी ठेवायची तर पोरगीबी जशीच्या तशी राहील. मामा म्हणाले, "राहू दे की." दुसरा बोर्ड लागला. तो मी स्टेशनच्या रस्त्यावरून ओळखला. तिळासकट. खिडकीतली डबी कधी गेली ते मी विचारलं न्हाई.

त्या दिवसापासून हॉटेलात ती जाहिरात लागली की मामा बघेनासे झाले. चहा बशीत ओतून सावकाश प्यायचे. मला वाटतं, त्यांच्यापुरती पहिली सापडली होती.

नात आता जालन्याला नर्स आहे. मामा गेल्याचं कळलं तशी सुट्टी काढून ती दहाव्याच्या आदल्या दिवशी आली. बसस्टँडवरून आम्ही दोघं चौकातून चाललो होतो. तिनं श्रद्धांजलीचा बोर्ड पाहिला आणि म्हणाली, "आबा, हे मामा न्हाईत."

मी म्हणालो, "मलाबी ओळखू आले न्हाईत."

चार पावलं चाललो. ती थांबली. "आबा, मंग माझा बोर्ड? पहिला?"

एवढी वर्षं झाली होती. मी टोप्या विकल्या, धोतरं विकली, गिऱ्हाईकाला कधी खोटं माप सांगितलं न्हाई. मी म्हणालो, "न्हाई ओळखलं, बाई. दोनदा जाऊन न्हाई ओळखलं."

ती रागावली न्हाई. म्हणाली, "मला वाटलं होतं, आबांना मी तशीच गोरी पाहिजे."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती देत नव्हती, पण मी घेतली. आम्ही घरी न जाता फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

तिथं आता जुन्या फ्लेक्सवाल्याचा भाचा बसतो. मी म्हणालो, "चौकातल्या बोर्डावरच्या माणसाला पहिल्यासारखा कर."

तो म्हणाला, "आबा, गोरं करायचं बटन आहे. परत काळं करायचं न्हाई."

"मंग पहिले मामा कुठंयत?"

"पहिला फोटो आम्ही ठेवला न्हाई."

नातीनं आपल्या मोबाईलमधून फोटो काढून दिला. चौकातला. उन्हात उभे असलेले मामा, देवीचे वण, मिशी, खांद्यावर वांगी रंगाचा पदर. भाच्यानं मिशीवाल्या मामांच्या मुलाला बोलावून घेतलं, बोर्ड त्यानंच लावला होता. मुलगा म्हणाला, "बापाच्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर साडी? आबा, लोक हसतील."

मी म्हणालो, "हसतीलच. त्यांना पाहून लोक रोज हसायचे. मंग जवळ यायचे. आता जवळबी येऊन न्हाई राह्यले." मुलगा ऐकंना. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं, नवा बोर्ड छापायला घेईपर्यंत मी उठणार न्हाई. दुपारचं जेवण नातीनं तिथंच आणलं. माझा स्वभाव त्या मुलाला लहानपणापासून ठाऊक आहे. चारच्या सुमारास तो म्हणाला, "लावा बाबा काय लावायचं ते."

दहाव्याला नवा बोर्ड लागला. त्या दिवशी बाजार होता. आधीचा बोर्ड आठवडाभर चौकात होता आणि त्याच्याखालून खेड्यापाड्यातल्या शेकडो बाया गेल्या होत्या. एकीलाबी कळलं नव्हतं. त्या दिवशी पहिलीच बाई बोर्डाखाली थांबली, हसली, आणि मंग तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, मिशीवाले मामा गेले." दुपारपर्यंत चौकात बायाच बाया. कुणी म्हणत होती माझ्या लग्नाचा बस्ता त्यांनी बांधला, कुणी म्हणत होती मला शब्द परत घ्यायला लावला.

मी रसवंतीच्या बाकड्यावर बसलो होतो. एक म्हातारी माझ्याकडं आली. हातात पिशवी. मला ती ओळखत होती, मी मामांशेजारी बसायचो म्हणून. तिनं पिशवीतून नवी कोरी साडी काढली, तिथंच उन्हात उघडली, अंगाला लावली आणि विचारलं, "आबा, मामा असते तर काय म्हणाले असते? बराबर आहे का?"

मला साडीतलं काही कळत न्हाई. मी टोपीवाला. मी उठलो, चष्मा पुसला, आणि उन्हात तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"न्हाई माय," मी म्हणालो. "बदलून घे."